मी काई बोलत नाई

(तेलुगू मुलखातल्या वांकिडी गावाबाहेर नदीचा काठ. यशवंतरावांचा दहावा. पिंड मांडून बराच वेळ झालाय. मुलगा सुधाकर पाण्याजवळ उभा आहे, त्याची आई रेणुकाबाई उन्हात दगडावर बसलीय, भटजी आणि पाहुणे जरा दूर सावलीत आहेत. गावातला अमृत खांद्याला खोळीतला ड्रम अडकवून आलाय.)

सुधाकर : तुमी जरा बाभळीमागं सरका, अमृतराव. ड्रम पाहून कावळा भेते.

अमृत : ड्रम खोळीत हाय. कावळ्याले काय माहीत आत काय हाय ते.

सुधाकर : दहाव्याले ड्रम आनते काय कोनी?

अमृत : मी इथून परस्पर बोथले जाऊन राह्यलो. आता आसिफाबादची बस भेटली तर पुढं उटनूरची भेटते, तिथून इच्चोडा, तिथून बोथ. संध्याकाळी तिथं शारदा मंडळात कार्यक्रम हाय. घरी जाऊन ड्रम घेतो म्हनलं असतं तर बस गेली असती.

सुधाकर : कार्यक्रम म्हंजे नकला.

अमृत : नकलाच. एक मानूस, एक ड्रम. बोलाचंही आपन अन् वाजवाचंही आपन. लोक हसले तर मी हळू वाजवतो. नाई हसले तर जोरात वाजवतो.

सुधाकर : अन् एवढं धूड बसमधे घेऊ देतात?

अमृत : कंडक्टर ड्रमाचं अर्धं तिकीट घेते. मांडीवरचं पोर समजून. एक दिवशी मी म्हनलं, मंग त्याले खिडकी द्या. तर पुरं लावलं.

सुधाकर : बरं. मी तुमाले बोलावलं त्याचं कारन येगळं हाय.

अमृत : ते तू 'तुमी' म्हनाले लागला तवाच समजलं. शाळेत तू मले अमऱ्या म्हने.

सुधाकर : आधी कावळा शिवू द्या. मंग बोलू.

अमृत : कवाचा बसला तो?

सुधाकर : उजाडल्यापासून त्या निंबावर हाय. मी धाकट्या पोरीचं लग्न करून देतो म्हनून सांगतलं. अर्धी राह्यलेली विहीर बांधतो म्हनलं. मायले काई कमी पडू देनार नाई म्हनलं. सगळं हात जोडून, मोठ्यानं. तो इकडं पाह्यते, अन् पुन्हा पंख खाजवते.

अमृत : यशवंतकाकाही असेच होते. समोरचा पुरा बोलून थकेपर्यंत उठत नसत. मंग आपलं सुरू करत.

सुधाकर : आज तरी बाबाईवर विनोद नको.

अमृत : विनोद कुठं केला? वळख सांगतली.

सुधाकर : माय, तुले ऊन लागते काय?

रेणुकाबाई : हं.

सुधाकर : मंग सावलीत सरक ना.

रेणुकाबाई : हं.

सुधाकर : हं म्हनते अन् तिथंच बसते.

अमृत : तो 'नाई'चा हं होता.

सुधाकर : माह्या मायचा हं तुमी मले शिकवून राह्यले?

अमृत : धंदाच हाय माहा. काकूचे हं तीन हायेत. एक 'हो'चा. एक 'नाई'चा. अन् एक 'मी ऐकत नाई पन तुमी चालू द्या'चा. नकलेत काकूले तेवढंच काम हाय. काका बोलतात, काकू हं म्हनते. तिसऱ्या हंले टाळ्या पडतात.

सुधाकर : मसनात काय झालं, ते आठवते ना तुमाले?

अमृत : मले नाई आठवनार तर कोनाले आठवन.

सुधाकर : तुमाले आठवते, तरी मी सांगतो. बाबाईनं पणतूचं तोंड पाह्यलं होतं, म्हनून आमी त्याईले रीतीनं वाजतगाजत नेलं. धोंडीबा मास्तरचा बँड सांगतला, त्यात ड्रमवर तुमी. चिता रचून झाली. महिपत पाटील दोन शब्द बोलाले उभे राह्यले. सारे मान खाली घालून उभे. महिपत पाटील म्हने, 'यशवंतराव जन्मात कोनाले काई बोलले नाईत.' अन् तुमी काय केलं?

अमृत : मी नाई केलं. हातानं केलं.

सुधाकर : काय केलं हातानं?

अमृत : ढम-टिक.

सुधाकर : अन् मंग?

अमृत : मंग झांज. ढम-टिक झालं का झांजवाला वाजवतेच. त्याचा दोष नाई.

सुधाकर : लोक हसले.

अमृत : आधी मागचे हसले. मंग खांदेकरी. भटजीनं तोंडाले उपरनं लावलं होतं, पन पोट हालत होतं.

सुधाकर : माह्या बापाच्या चितेपुढं लोक हसले, अमृतराव. माह्या हातात मडकं होतं. मी तिथं उभा राहून काय करू सांगा? मडकं टाकता येत नाई, अन् तुमाले मारताही येत नाई.

अमृत : मले मारलं असतं तर बरं झालं असतं. मले अजून झोप लागत नाई.

सुधाकर : मंग केलं काऊन?

अमृत : ऐकून घे. नकलेत काका येतात, उपरनं झटकतात अन् म्हनतात, 'मी काई बोलत नाई.' तिथं मी ढम-टिक वाजवतो. मंग काका अर्धा तास बोलतात. गावात मंडल ऑफिस झालं त्या वर्षीपासून हे सुरू हाय. हाताले सवय लागली, कोनी 'बोलत नाई' म्हनलं का वाजवाचं. आता तूच सांग, आदल्या रात्री मी निर्मलले नकला केल्या. तिथून ट्रकात बसून पहाटे वांकिडीत उतरलो. चौकात धोंडीबा मास्तर भेटला. म्हने, चल, यशवंतराव गेले. मी तोंडही धुतलं नाई. दुसऱ्याच कोनाच्या मयतीत वाजवून राह्यलो असं वाटे. हाताले कसं समजन का हा मंडप नाई, मसन हाय?

सुधाकर : डोळ्याले तर समजते ना.

अमृत : डोळे मिटलेलेच होते. वाजवता वाजवता झोपतो मी. बँडातले सारेच झोपतात.

सुधाकर : हे दोन धंदे एकत्र करा म्हनून कोनी सांगतलं होतं तुमाले?

अमृत : कोनीच नाई सांगतलं. उलट बायको रोज सांगते का करू नको. पंचफुला म्हनते, दोन धंदे मिळून मले एक नवरा पुरा भेटला नाई. लग्नसराईत मी वरातीत, सनासुदीले स्टेजवर. बासरले गेलो तर बँडाचाच डरेस अंगात होता, ते खांद्यावर सोनेरी झालर वालं. बदलाले वेळ नव्हता. तसाच माइकपुढं उभा राह्यलो. लोकाईले वाटलं, पोलीस खात्याचा मानूस सूचना द्याले आला. कितीतरी वेळ कोनी हसलंच नाई. पुढचे तर उठून उभे राह्यले.

सुधाकर : मंग?

अमृत : मंग काका आले. काका आले का बसतात सारे.

सुधाकर : अन् लग्नात?

अमृत : लग्नात उलटं. राजुऱ्याले वरात चालली होती. नवरदेवाच्या बापानं मले वळखलं. वरात थांबवून म्हने, 'ते मी काई बोलत नाई वालं होऊन जाऊ द्या.' नवरदेव घोड्यावर, काका रस्त्यावर. मुहूर्त टळला. पोरीचा मामा मले शोधत आला तर मी मोठ्या ढोलामागं.

सुधाकर : हे ऐकून मले हसू येनार नाई.

अमृत : मी हसवतच नाई. तू विचारलं म्हनून सांगतलं. पन एक सांगतो, आता वरातीचा प्रश्न राह्यला नाई. धोंडीबा मास्तरनं मले बँडातून काढलं.

सुधाकर : कवा?

अमृत : मसनातून परत येता येता. म्हने, तू मयतीले चालत नाई. मयतीले न चालनारा मानूस मी लग्नाले कसा नेऊ? भटजी सावधान म्हनन अन् तू ढम-टिक करशीन.

सुधाकर : हे मले माहीत नव्हतं.

अमृत : आता एवढ्या नकला राह्यल्या.

सुधाकर : अमृतराव, मी त्याच्यासाठीच बोलावलं तुमाले. बाबाईची नक्कल बंद करा.

अमृत : बोथले त्याईनं फलक लावला हाय. त्यावर माहं नाव बारीक हाय, काकाचं वाक्य मोठं हाय.

सुधाकर : दुसऱ्या नकला करा.

अमृत : हायेत ना. कोंबडा हाय. तेलुगू मास्तर हाय. तिकीट न काढलेली म्हातारी हाय. पन कोंबडा सुरू झाला का लोक चहा प्याले जातात.

सुधाकर : जाऊ द्या त्याईले.

अमृत : तुले सोपं वाटते, सुधाकर. तुयी नोकरी हाय. माहा बँड गेला, आता तू काका मागून राह्यला. मले भेव वाटते, खरं सांगतो. ही नक्कल गेली तर मी काय हाय? बँडातून काढलेला एक मानूस, ड्रम घेऊन बसमधे बसलेला.

सुधाकर : अन् माहं काय? मी आसिफाबादले मंडल ऑफिसात बसतो. कोनी शेताच्या पहानीची, सातबाऱ्यासारख्या कागदाची नक्कल मागाले आलं, कोनी दरखास्त घेऊन आलं, मले पाह्यते अन् आधी ओठ दाबते. मागच्या महिन्यात नवा साहेब आला. तेलुगू मानूस, वारंगलकडचा. मराठीचा एक शब्द येत नाई. त्याले कोनीतरी सांगतलं, मी कोनाचा पोरगा ते. तो मले म्हने, 'नेनु एमी माट्लाडनु.' अन् टेबलावर ढम-टिक वाजवलं.

अमृत : तेलुगूत गेलं?

सुधाकर : मी काई बोलत नाई, हे तेलुगूतही गेलं. खूश नका होऊ.

अमृत : नाई झालो.

सुधाकर : बाप जिता होता तवर मी सहन केलं. म्हनलं, त्याईचं ते पाहून घेतीन. आता त्याईले बोलता येत नाई. मेलेल्या मानसाले स्टेजवर उभं करून लोकाईले हसवाचं, हे मले पाहवत नाई. मले राग येते, अन् रागापरीस जास्त लाज वाटते.

अमृत : काका कवा काई म्हनले होते काय?

सुधाकर : तुमाले नाई म्हनले?

अमृत : एकडाव बाजारात भेटले. म्हने, 'अमृत, मी काई बोलत नाई.' अन् गेले. खरंच काई बोलले नाई. तो दिवस माहा खराब गेला.

सुधाकर : हातात पानी घ्या.

अमृत : कायले?

सुधाकर : कावळा येत नाई त्याचं हेच कारन असन. त्याईचा जीव तिथंच अडकला. पिंडापुढं उभे राहा अन् सांगा, का आजपासून नक्कल बंद.

अमृत : काकू, तुमचंही हेच म्हननं हाय काय?

रेणुकाबाई : हं.

अमृत : हा कोनता होता, मले नाई समजला.

सुधाकर : तिले मधात घेऊ नका. सांगा.

अमृत : यशवंतकाका, आजपासून मी तुमची नक्कल करनार नाई.

सुधाकर : मोठ्यानं.

अमृत : यशवंतकाका, आजपासून मी तुमची नक्कल करनार नाई. एवढ्या मोठ्यानं तर मी बोथलेही बोलत नाई.

सुधाकर : पानी सोडा. सोडलं? आता मागं या. पाहा, हालला काय तो?

अमृत : हालला.

सुधाकर : आला?

अमृत : उडाला.

सुधाकर : इकडं?

अमृत : तिकडं. नदीपल्याड, कापसात. मी मनापासून सोडलं होतं पानी.

सुधाकर : आता कोनतं वचन देऊ मी? माहं सगळं सरलं. भटजी म्हनतात दर्भाचा कावळा करू, तो पिंडाले लावू अन् मोकळे होऊ. त्याईले दुसरीकडं जाचं हाय. पाव्हणेही सावलीत बसून कटाळले. चला, करा म्हनतो दर्भाचा.

रेणुकाबाई : दर्भाचा नको.

सुधाकर : काय म्हनलं, माय?

रेणुकाबाई : दर्भाचा कावळा नको. त्याईले कोनी फसवलेलं चालत नव्हतं.

सुधाकर : मंग काय करू? किती वेळ उभं राहू?

रेणुकाबाई : अमृत, इकडं ये.

अमृत : आलो, काकू.

रेणुकाबाई : त्याईच्यासारखं बोल.

सुधाकर : माय, काई तरी काय? इथं?

रेणुकाबाई : इथं.

सुधाकर : दहाव्याले नकला? लोक काय म्हनतीन?

रेणुकाबाई : लोक हसून बसले एकडाव. आता काय राह्यलं त्याईचं?

सुधाकर : पन तुलेही ते आवडत नव्हतं. घरी नकलेचा विषय निघाला का तू उठून चुलीकडं जात होती.

रेणुकाबाई : घरात अस्सल होतं तवा नकलेचं काय काम? आता नाई. सुधाकर, तू येतो, 'माय, जेवली काय' म्हनतो अन् जातो. सुना हळू बोलतात. पाव्हणे हळू बोलतात. मी लगन होऊन आली तवापासून त्याईच्या बोलन्यात झोपली. ते बोलत असत अन् माहा डोळा लागे. आता घर एवढं चूप हाय का भितीवरची पाल चालते ते ऐकू येते. मले झोप नाई. मले करमत नाई त्याईच्याबिगर.

सुधाकर : माय, तू सांगतलं काऊन नाई?

रेणुकाबाई : कोनी विचारलं तर मी हं म्हनते. तेवढीच सवय हाय मले.

अमृत : काकू, माही अडचन हाय. मी आत्ताच पानी सोडलं.

रेणुकाबाई : ते सुधाकरसाठी सोडलं. कावळ्यानं कुठं घेतलं?

सुधाकर : ...ते खरं हाय.

अमृत : ड्रम काढू?

रेणुकाबाई : ड्रम नको. ते ड्रमाबिगरच बोलत.

अमृत : सुधाकर?

सुधाकर : मले नका विचारू. मी तिकडं पाह्यतो.

अमृत : ऐक. मी काई बोलत नाई.

रेणुकाबाई : हं.

अमृत : मी काई बोलत नाई, पन हा भात कोनी शिजवला? कनी हाय त्यात. कावळ्याले दात नसतात हे ह्या घरात एकालेही माहीत नाई काय? म्हने कावळा येत नाई. येईन कसा? दुरूनच दिसते त्याले.

रेणुकाबाई : हं.

अमृत : अन् हे दही. म्हशीचं म्हनून आनलं. म्हशीनं तरी वळखलं असतं काय त्याले? पन मी कोनाले बोलत नाई. मी बोललो का वाईट होतो. मांडा, आंबट दही मांडा.

रेणुकाबाई : हं.

अमृत : अन् हा आपला सुधाकर पाहा. ऑफिसात पॅन्ट घालून घालून धोतराची गाठ विसरला. चार मानसं पाहून राह्यली. पान्यात सुटलं म्हंजे समजन त्याले. सुधाकर, ती गाठ पाह्य.

सुधाकर : बरोबर हाय गाठ, बाबा.

रेणुकाबाई : थांबू नको, अमृत.

अमृत : बरोबर हाय म्हने. सगळंच बरोबर असते याचं. विहीर बांधतो म्हने. तिथं खाली खडक हाय, मी पहिल्या दिवशी सांगतलं, जागा चुकली, आंब्याखाली घ्या. ऐकलं काय कोनी? अन् आता मेलेल्या बापाले वचन देते, तीच विहीर बांधतो म्हनून. मी काई बोलत नाई. बांध म्हना. कोरडी बांध.

रेणुकाबाई : हं.

अमृत : अन् तू. तू त्या उन्हात काऊन बसली? मघापासून पाहून राह्यलो. चक्कर येऊन पडशीन अन् पुन्हा मलेच म्हनशीन. सरक सावलीत.

रेणुकाबाई : हं.

सुधाकर : सरकली माय.

अमृत : अजून सरक. अर्धं अंग उन्हात ठेवून कोनी सावलीत बसते काय? मी काई...

सुधाकर : अमृत.

अमृत : ...बोलत नाई, पन...

सुधाकर : अमऱ्या, हळू. मागं पाहू नको. शिवला.

अमृत : खरं?

सुधाकर : दोन हायेत. एक आंबट दही खाऊन राह्यला.

अमृत : भटजी काय म्हनून राह्यले?

सुधाकर : म्हनतात, हे सकाळीच काऊन नाई केलं.

अमृत : मी मोकळा मंग. रडून राह्यला काय तू?

सुधाकर : हो. रडून राह्यलो. मसनात रडता नाई आलं मले तुयापायी.

अमृत : चुकलंच ते, सुधाकर.

सुधाकर : जाऊ दे. तुयी बस गेली असन.

अमृत : गेली. काका दह्यावर बोलत होते तवाच भोंगा ऐकला.

सुधाकर : महिपत पाटलाची जीप आसिफाबादले जाऊन राह्यली. उटनूरची बस गाठून द्या म्हनून सांगतो त्याईले. ड्रम मागं टाक.

अमृत : अन् बोथले काय करू? कोंबडा?

सुधाकर : ते विहिरीचं तुया नकलेत आधी नव्हतं.

अमृत : नव्हतं. आत्ताच तोंडात आलं.

सुधाकर : ते बाबा खरंच म्हनत. रोज जेवताना. आंब्याखाली घ्या म्हनून. ते ठेव.

अमृत : ठेव म्हंजे? मी पानी सोडलं ना.

सुधाकर : तुयी दरखास्त नामंजूर झाली. कापसात उडून गेली. आता विचारू नको पुन्हा, नाई तर माहं मन बदलन. अन् धोंडीबा मास्तरशी मी बोलतो.

अमृत : मयतीले मले नको नेऊ म्हन त्याले.

सुधाकर : मयतीले नाई. लग्नाले.

अमृत : येतो मंग, काकू. जीपवाले हात दाखवून राह्यले.

रेणुकाबाई : बोलाचं थांबला काऊन, अमृत?

अमृत : कावळा शिवला ना, काकू. झालं.

रेणुकाबाई : कावळ्याचं झालं. त्याईचं इतक्यात कुठं होत होतं?

अमृत : उद्या वापस येतो मी बोथहून. सरळ तुमच्याच घरी येतो.

रेणुकाबाई : उद्या ये. पन पाटील जीप वळवतीन, तवर बोल.

अमृत : सुधाकर?

सुधाकर : बस खाली. मी सांगतो त्याईले थांबाले.

अमृत : ...ऐक. मी काई बोलत नाई.

रेणुकाबाई : हं.